लग्नातलं विनोदी निवेदन: बेळगाव भागातल्या सेवेचं परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लग्न ठरलं की कार्यालय, आचारी आणि फोटोवाल्याच्या पाठोपाठ आता निवेदकाचा शोध सुरू होतो. पूर्वी हे काम घरातला एखादा बोलका मामा करायचा. आता त्याची रीतसर सेवा झाली आहे. अक्षतांच्या वेळी सूचना द्यायच्या, स्वागत समारंभात पाहुण्यांची ओळख करून द्यायची, नवरा-नवरीकडून उखाणे घ्यायचे आणि हे सगळं करताना मंडळींना हसतं ठेवायचं. लोक पैसे मोजतात ते या शेवटच्या कामासाठी, आणि बिघडतं तेही तिथेच. म्हणून इथे परीक्षण फक्त त्याचं केलं आहे.

निकाल आधीच सांगतो. ठरवण्याआधी जो तुम्हाला घरच्या माणसांबद्दल प्रश्न विचारतो, त्याला घ्या. जो फक्त आपल्या कार्यक्रमांचे तुकडे पाठवून "बघा, लोक कसे लोळतायत" म्हणतो, त्याला निदान स्वागत समारंभासाठी तरी घेऊ नका.

या भागात ही सेवा साधारण तीन रूपांत मिळते. पहिलं रूप शिक्षकी पेशातल्या किंवा कीर्तन-भजनाचा सराव असलेल्या निवेदकांचं. वाणी स्वच्छ, विधींचा क्रम पाठ, मुहूर्ताचं भान पक्कं. भटजींनी अंतरपाट मागितला की हे न सांगता गप्प होतात, आणि ते सोपं नाही. यांचं दुखणं म्हणजे साठा. फोनवर फिरून फिरून झिजलेले नवरा-बायकोचे विनोद तसेच्या तसे येतात आणि माईक हाती आला की आवरतं घेणं जमत नाही.

दुसरं रूप इव्हेंटवाल्यांच्या पॅकेजमधल्या अँकरचं. आवाज, दिवे, डीजे आणि हा, सगळं एका बिलात. हळदीला, संगीताच्या संध्याकाळी, मित्रमंडळींत हा शोभून दिसतो. स्वागत समारंभात मात्र याची एक सवय फार त्रास देते: माणसांना हात धरून स्टेजवर ओढायची. जो "नको, नको" म्हणतो त्यालाच जास्त ओढलं जातं, कारण हशा त्या अवघडण्यावर मिळतो. गुडघ्याचं दुखणं असलेल्या आजोबांना नाचवणं, नुकतं वैधव्य आलेल्या काकूंना फुगडीला बोलावणं, असले प्रकार याच ओढाओढीतून होतात. आवाजाचाही प्रश्न असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शेतातल्या मांडवात किंवा लॉनवर कार्यक्रम असेल, तर पावणेदहाला तो आवाज स्वतःहून बंद करणार का, हे आधीच विचारून घ्या.

तिसरं रूप नकलाकाराचं. अर्धा-पाऊण तास एकट्याने स्टेज धरायचं. हशा सर्वांत मोठा इथेच, आणि जोखीमही. आपल्याकडे नकलेचं सोपं भांडवल म्हणजे बोली: कन्नड वळणाचं मराठी, मराठी वळणाचं कन्नड, गोव्याकडच्या पाहुण्यांचा हेल, पलटणीतल्या माणसाची हिंदी, मुसलमान व्यापाऱ्याचं बोलणं. आवाज काढता येणं ही कला आहेच. पण ज्याच्या आवाजात तो बोलतो त्या माणसाला नकलेत काय करताना दाखवतो, ते बघा. तो माणूस हुशारीने कुणाला तरी हरवत असेल तर नक्कल गोड लागते. तो प्रत्येक वेळी बावळट, चिक्कू किंवा भांडकुदळ असेल, तर समोर बसलेल्या त्याच बोलीच्या व्याह्यांना तो अपमान वाटेल, आणि वाटावाच.

यात आमची पसंती उघड आहे. स्वागत समारंभाला पहिल्या प्रकारचा निवेदक, त्याचा वेळ बांधून. हळदीला हवा तर दुसरा. नकलाकार बोलवायचाच असेल तर वीस मिनिटांपुरता, आणि त्याचा पूर्ण कार्यक्रम आधी ऐकून.

ऐकायचा म्हणजे मिनिटभराची रील नव्हे. एखाद्या लग्नातलं पंधरा मिनिटांचं सलग, न कापलेलं चित्रण मागा. ते बघताना स्टेजकडे लक्ष देऊ नका, खुर्च्यांकडे द्या. ज्याची चेष्टा झाली तो हसल्यावर कुणाकडे बघतो? बायकोकडे, मित्राकडे, परत निवेदकाकडे बघत असेल तर ठीक. खाली बघत असेल तर तो हसू चेहऱ्यावर धरून बसलाय. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका थांबल्यात की उठून गेल्यात? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एखादा विनोद पडला तर हा काय करतो? चांगला निवेदक पुढे जातो. कच्चा निवेदक चिडतो, "हसायला पैसे लागत नाहीत" असं काहीतरी म्हणतो आणि मग एखाद्या सोप्या माणसाला पकडतो: जाडा, टकला, लाजरा, तोतरा.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिली जोडी उत्तम, दुसरी मध्यम, तिसरी अधम. निवेदक ठरवताना ही उतरंड आजही उपयोगी पडते. लग्नाच्या मांडवाला स्मित आणि हसित पुरतं. पोट धरून लोळायला लावणारा अतिहसिताच्या मागे लागला, की त्याला कुणीतरी बळी लागतोच.

आता ठरवल्यानंतरचं. चांगल्या निवेदकाचा निदान एक फोन लग्नाच्या आठवडाभर आधी येतो आणि तो दोन्ही घरी येतो, फक्त पैसे देणाऱ्या घरी नाही. तो नावं लिहून घेतो आणि उच्चार विचारतो. एकाच आडनावाचा उच्चार कोल्हापुरात वेगळा आणि चिकोडीत वेगळा होतो, आणि स्टेजवरून चुकीचं आडनाव घेतलं की मग कितीही गोड बोललात तरी ते घर दुरावतं. तो विचारतो की घरात वर्षभरात कुणी गेलंय का, कुणाचं वर्षश्राद्ध व्हायचंय का, आंतरजातीय किंवा आंतरभाषिक लग्न असेल तर कोण अजून नाराज आहे, कोण पहिल्यांदाच या घरी येतंय.

हे त्याने विचारलं नाही, तर तुम्ही सांगा. पण सांगण्याची रीत आहे. दोन याद्या करा. एका यादीत चेष्टा चालेल अशी तीन-चार माणसं: बहुधा नवरीचा मामा, धाकटा दीर, करवली, नवऱ्याचा जुना मित्र. त्या प्रत्येकाला आधी विचारा, परस्पर नाव देऊ नका. दुसऱ्या यादीत ज्यांना हात लावायचा नाही अशी नावं. या दुसऱ्या यादीत फक्त नाव लिहा, कारण लिहू नका. "अमुक वहिनींना मूल नाही, म्हणून काही बोलू नका" असं सांगितलं की ती गोष्ट निवेदकाकडून साउंडवाल्याकडे, तिथून वाढप्यांकडे जाते. नाव पुरेसं आहे. तो कारण खोदत बसला, तर त्याला बदलायला अजून आठवडा आहे.

दुभाषी मांडव ही आपल्या भागाची खास गोष्ट, आणि बाहेरून, पुण्या-मुंबईहून आणलेले महागडे अँकर इथेच पडतात. एक बाजू धारवाड-गोकाककडची कन्नड, दुसरी गडहिंग्लज-चंदगडकडची मराठी. मराठीत विनोद झाला, निम्मा मांडव हसला. उरलेल्या निम्म्याला कळत नाही की कशाला हसले, आणि न कळलेला हशा माणसाला आपल्यावरचाच वाटतो. यावर बरेच निवेदक प्रत्येक विनोद दोनदा सांगतात. त्याने दोन्ही बाजू कंटाळतात, कारण दुसऱ्यांदा सांगताना पहिली बाजू आधीच गप्प झालेली असते. जमतं ते असं: प्रसंग आधी कन्नडमध्ये एका वाक्यात सांगायचा, मग मराठीत रंगवायचा, पुढच्या वेळी उलट. म्हणजे शेवटच्या शब्दाला दोन्ही बाजू एकत्र पोचतात. त्याहून बरं म्हणजे डोळ्यांना दिसणारा विनोद: सुपारी सोडवताना नवऱ्याची चाललेली धडपड, फेट्याचा सुटलेला शेमला. याला भाषा लागत नाही.

मोडकं कन्नड बोलून हसवण्याचा मोह फार जणांना होतो. स्वतःच्या चुकीवर हसणं चालेल, पण आदरार्थी रूप चुकायला नको. उत्तर कर्नाटकात "री" लावल्याशिवाय मोठ्यांशी बोलत नाहीत. व्याह्यांना "बर्री" (या) म्हणायच्या जागी नुसतं "बा" म्हणणं म्हणजे चारचौघांत "ये रे" म्हणण्यासारखं. निवेदकाला कन्नड येत नसेल तर त्याने "बर्री", "ऊट आतेन री?" (जेवण झालं का?) एवढं नीट पाठ करावं आणि बाकी मराठीत बोलावं. कन्नड पाहुण्यांना ते जास्त आवडतं.

सीमाप्रश्नावर एकही वाक्य नको. हे करारात लिहून घ्या, लाजू नका. १ नोव्हेंबर हा दिवस एका घरात राज्योत्सवाचा आणि दुसऱ्या घरात काळ्या दिनाचा असू शकतो, आणि दोन्ही घरं आज व्याही झालेली असतात. १९५६ पासूनच्या या प्रश्नात इथल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्यात, तुरुंग भोगलेत, माणसं गमावलीत. त्यावर तिऱ्हाईताने माईकवरून टाळी घेऊ नये. शहराचं नाव घेतानाही तेच. २०१४ साली बेळगावी हे नाव सरकारी झालं, बोलण्यात बेळगाव राहिलं. निवेदकाने पत्रिकेवर जे छापलंय तेच म्हणावं आणि त्यावर कोटी करू नये.

याच रांगेत आणखी काही गोष्टी आहेत. हुंड्यावरचा विनोद, "जावईबापूंना काय काय मिळालं" या छापाचा, बिलकुल नको. १९६१ पासून हुंडा देणं-घेणं गुन्हा आहे, आणि नवरीच्या बापाला त्यावर हसावं लागणं याहून वाईट काही नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आसपासच्या कितीतरी गावांत घरटी एक मुलगा फौजेत असतो. नवरा सुट्टी काढून बोहल्यावर उभा असेल तर "सीमेवर जाणार, बायको वाट बघणार" असल्या चेष्टा त्याच्या आईला ऐकवू नयेत. निपाणी-चिकोडीकडे जैन घरच्या लग्नात तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरचे विनोद टाळावेत. तिथे आणखी एक व्यवहाराची गोष्ट आहे: बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. संध्याकाळचा कार्यक्रम निवेदकाने वीस मिनिटं लांबवला तर ती माणसं उपाशी परत जातात. अशा ठिकाणी विनोद कमी आणि "जेवणं सुरू झालीत" ही सूचना लवकर, हाच पाहुण्यांचा मान.

लग्नात हसायच्या जागा मुळात विधींनीच ठरवून दिल्यात. कानपिळी, बूट लपवणं, हळदीच्या पाण्यातली अंगठी शोधणं, घास भरवणं, विहिणींची पंगत. कन्यादान, मंगलाष्टका, आहेर आणि पाठवणी या गप्प राहायच्या जागा. आहेराच्या पाकिटांवर बोलणारा आणि पाठवणीच्या वेळी "आता बापाचा खर्च वाचला" म्हणणारा निवेदक आजही भेटतो. त्याला वाटतं रडकं वातावरण हलकं करावं. पण ते रडणं कुणी हलकं करायला मागितलेलं नसतं.

विहिणींच्या पंगतीत म्हटल्या जाणाऱ्या चेष्टेच्या गाण्यांकडे नीट बघितलं तर या सेवेचं अर्धं शास्त्र कळतं. कन्नड घरांतही बीगरांना, म्हणजे व्याह्यांना, चिडवणारी तशीच गाणी आहेत. तिथे चेष्टा बरोबरीच्या नात्याची होते, विहीण विहिणीची. समोरची बाजू लगेच गाण्यातच परतफेड करते. आणि हे सगळं मानाचं ताट वाढून, आग्रह करत चाललेलं असतं. आजच्या स्टेजवर हे तिन्ही धागे तुटतात: बोलणारा परका, माईक एकाच्याच हाती, आणि ज्याची चेष्टा होते त्याला परतफेडीची सोय नाही.

ती सोय करून देता येते, आणि ती फार स्वस्त आहे: दुसरा माईक. साउंडवाल्याला दोन बिनवायरचे माईक आणि अडीअडचणीला एक वायरचा असं सांगा. दोन्हींत त्या दिवशी नवे सेल. निवेदकाला अट घाला की ज्याची चेष्टा करायची त्याच्या हाती आधी माईक द्यायचा, मग बोलायचं. एवढ्याने निम्मे वाईट विनोद आपोआप गळतात, कारण उत्तर मिळू शकतं हे कळल्यावर बोलणारा जपून बोलतो. आणि मामाने दिलेलं उत्तर बहुतेक वेळा निवेदकाच्या विनोदापेक्षा सरस निघतं. याच मापाने नवरीकडे बघा. त्या दिवशी, त्या स्टेजवर, नव्या सासरच्या माणसांपुढे तिला उलट उत्तर देता येत नाही. म्हणून "लग्न म्हणजे जन्मठेप", "आता याचं स्वातंत्र्य संपलं" ही सगळी जात बाद. बायकोला शिक्षा ठरवणारा विनोद तिच्या संसाराच्या पहिल्या तासाला तिच्या तोंडावर मारला जातो आणि तिने हसावं अशी अपेक्षा असते.

उखाण्याचंही तसंच. लाजणाऱ्या नवरीला "नाव घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही" असं दटावणं ही गंमत नव्हे. आदल्या दिवशी दोघांनाही दोन-दोन ओळींचे सोपे उखाणे चिठ्ठीवर द्यावेत आणि स्टेजवर आधी नवऱ्याला विचारावं. तो चुकला, अडखळला की मांडव हसतो आणि नवरीची भीती जाते. नवरी कन्नड घरची असेल तर तिला मराठी घोकायला लावू नका. उत्तर कर्नाटकात नाव घ्यायचे ओडपु असतात, ते तिला आई-आजीकडून येत असतात. नवऱ्यासाठी, इथल्याच राकसकोप धरणाचं आणि मार्कंडेय नदीचं नाव गुंफून, असं काहीतरी पुरे: "राकसकोपच्या पाण्याला मार्कंडेयाची साथ, अमुकचं नाव घेतो, हाती घेऊन हात."

तांत्रिक बाजूकडे कुणी बघत नाही, पण विनोद पडायचं सर्वांत साधं कारण तेच. पत्र्याच्या छपराच्या कार्यालयात आवाज घुमतो, वाक्याचा शेवटचा शब्द प्रतिध्वनीत हरवतो आणि विनोदाचा जीव नेमका त्या शब्दात असतो. मग निवेदक आवाज चढवतो, घुमणं वाढतं, लोक कान झाकतात. उपाय असे: पाहुणे यायच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतून ऐकून बघायचं, माईक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरायचा, स्पीकरच्या पुढे जाऊन बोलायचं नाही, नाहीतर शिट्टी वाजते, शेवटच्या शब्दाआधी क्षणभर थांबायचं आणि नंतर दोन सेकंद काही बोलायचं नाही. पार्श्वसंगीत बोलताना पूर्ण बंद. दर विनोदानंतर ढोलाचा ठोका वाजवणारा साउंडवाला असेल तर त्याला आधीच नको म्हणा. न हसलेल्या माणसाला तो ठोका टोचतो.

दोन तासांच्या स्वागत समारंभात सगळा मिळून पंधरा-वीस मिनिटांचा विनोद भरपूर झाला, तोही दोन मिनिटांहून मोठे तुकडे न करता. लोक भेटायला आलेले असतात. त्यांचं आपसातलं बोलणं बुडवून टाकणारा निवेदक कितीही मजेदार असला तरी जड होतो.

तरीही एखादं वाक्य चुकीचं जाईल. त्याची तयारी ठेवा. घरातल्या एका समजूतदार माणसाला साउंडच्या टेबलापाशी उभं करा आणि माईकचा आवाज कमी करायचा अधिकार त्याला आहे हे निवेदकासमोर सांगा. खूण एकच ठरवा. लागलं हे कळल्यावर निवेदकाने त्याच माईकवरून "चूक माझी झाली, काका, माफ करा" एवढं म्हणावं आणि पुढच्या गोष्टीकडे जावं. "मस्करी होती, मनावर घेऊ नका" हे वाक्य नको. त्यात दुखावलेल्यालाच हलक्या मनाचा ठरवलं जातं. लांबलचक माफीही नको, कारण ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही मग कळतं. खाली उतरल्यावर त्या माणसाला जाऊन भेटावं, हात जोडावेत. हे सगळं न सांगता करणारे निवेदक आपल्याकडे आहेत, आणि त्यांना पुढची पाच वर्षं काम कमी पडत नाही.

ही सेवा सगळ्याच समारंभांना सारखी लागू पडत नाही. साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, निवृत्तीचा निरोप इथे ती फार छान रंगते, कारण उत्सवमूर्तीला सगळे ओळखतात, किस्से खरे असतात आणि तो माणूस शेवटी बोलायला उभा राहणारच असतो. डोहाळजेवणाला बाईच निवेदक असावी. साखरपुड्याला कुणीच नको. दोन घरं एकमेकांना अजून जोखत असतात, प्रत्येक शब्द तोलला जातो, आणि तिथे पडलेली खडी लग्नापर्यंत खुपते.

करार साधा ठेवा, पण कागदावर. निवेदकाचं मानधन साउंडच्या बिलापासून वेगळं लिहा, नाहीतर माईक खराब निघाला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. खानापूर-चिकोडीकडे जायचा प्रवासखर्च कुणाचा, सुरू आणि संपायची वेळ, कुठल्या भाषा, हात न लावायची नावं, सीमाप्रश्न आणि हुंडा हे विषय वर्ज्य, एवढं त्यात यावं. शिवाय चित्रणाचं कलम हवंच. मांडवात आपल्या माणसांत हसलेला मामा उद्या रीलवर अनोळखी लोकांच्या शेऱ्यांखाली दिसला, तर त्याने मांडवात दिलेली परवानगी तिथे लागू होत नाही. ज्याची चेष्टा आहे त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय तुकडा कुठेही टाकायचा नाही, लग्नघराने हो म्हटलं तरीही. उरलेले पैसे कार्यक्रम संपल्यावर त्याच संध्याकाळी द्या, आणि निवेदकाला पाहुण्यांच्या पंगतीत बसवून जेवू घाला.